जवान गेला किंवा जायबंदी झाला, तर घरच्यांना काय मिळतं? केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्रीय दलाच्या एका बटालियन कार्यालयात मी बरीच वर्षं पगार आणि पेन्शनच्या फायली सांभाळल्या. निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात गावी आलो, तेव्हापासून आसपासच्या तालुक्यांतली माणसं कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. त्यांत कधी विधवा वहिनी असतात, कधी म्हातारे आईवडील, तर कधी काठीवर चालणारा पस्तिशीचा जवान. त्यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत. रकमा सातव्या वेतन आयोगाप्रमाणे आहेत. शेवटी महाराष्ट्र पोलिसांसाठीही थोडं लिहिलं आहे.

हे नियम नेमके कुणाला लागू आहेत? सैन्य आणि सीआरपीएफ एकच ना?

गावाच्या दृष्टीने दोघंही जवानच. स्वागतकमान दोघांसाठी सारखीच लागते आणि अंत्ययात्रेला गर्दीही सारखीच होते. कागदावर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. लष्कर, नौदल आणि हवाई दल संरक्षण मंत्रालयाकडे येतात. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी आणि एसएसबी ही दलं गृह मंत्रालयाकडे येतात आणि त्यांच्या जवानांना पेन्शनपुरते केंद्राचे नागरी सेवेचे नियम लागतात.

हा फरक माहीत नसल्याने कुटुंबांचे महिने वाया जातात. लोक आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातात आणि तिथे त्यांना सांगितलं जातं की हे काम आमच्याकडे नाही. तुमचं मूळ काम जवानाच्या बटालियनकडून किंवा ग्रुप सेंटरकडून होतं. तिथून फाईल दलाच्या वेतन व लेखा कार्यालयात जाते आणि पुढे दिल्लीच्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयामार्फत बँकेत पोचते. पुनर्वसन आणि कल्याणासाठी गृह मंत्रालयाचं वेगळं मंडळ आहे, त्याला 'वार्ब' म्हणतात. पहिला फोन करायचा तो बटालियनच्या कार्यालयाला.

'शहीद' दर्जा मिळाला नाही तर लाभ बुडतात का?

नाही. हा प्रश्न विचारताना माणसांचा आवाज कापतो, म्हणून सविस्तर सांगतो. 'शहीद' हा शब्द सरकारी नियमांत अधिकृत दर्जा म्हणून नाही, सैन्यासाठीही नाही आणि केंद्रीय दलांसाठीही नाही. केंद्र सरकारने हे संसदेतही सांगितलं आहे. कारवाईत मरण आलेल्या जवानाच्या वारसांना दलाकडून 'ऑपरेशनल कॅज्युअल्टी' प्रमाणपत्र मिळतं, ते जरूर मागून घ्या आणि जपून ठेवा.

पैसे ज्यावर ठरतात ती गोष्ट निराळी आहे. मृत्यू कोणत्या कारणाने झाला आणि ते कारण नोकरीशी जोडलेलं आहे का, हे दल लेखी ठरवतं. नियमांत त्यासाठी 'अ' ते 'ई' असे पाच प्रवर्ग आहेत. 'अ' म्हणजे नोकरीशी संबंध नसलेलं आजारपण किंवा नैसर्गिक मृत्यू. 'ब' म्हणजे नोकरीमुळे जडलेला किंवा बळावलेला आजार. 'क' म्हणजे ड्युटी बजावताना झालेला अपघात, उदाहरणार्थ सरकारी गाडी उलटणं किंवा विजेचा धक्का लागणं. 'ड' म्हणजे दहशतवादी वा समाजकंटकांच्या हिंसाचारात आलेला मृत्यू. 'ई' म्हणजे अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, त्यांचा हल्ला, सीमेवरची चकमक किंवा युद्ध.

या एका अक्षरावर घराचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. तेराव्याच्या गडबडीत कुणी हे विचारत नाही. तुम्ही विचारा.

अक्षराने एवढा काय फरक पडतो?

आकड्यांत बघू. जवानाचं शेवटचं मूळ वेतन ३०,००० रुपये होतं असं धरा.

प्रवर्ग 'अ' असेल तर साधं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते मूळ वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे महिना ९,००० रुपये. किमान रक्कमही ९,००० च आहे. जवान सेवेत असताना गेला असेल तर पहिली १० वर्षं वाढीव दराने, म्हणजे ५० टक्के, १५,००० रुपये मिळतात. हा वाढीव दर मिळायला पूर्वी किमान ७ वर्षांची सेवा लागायची. १ ऑक्टोबर २०१९ पासून ती अट गेली. नोकरीला दोन-तीन वर्षं झालेल्या पोराच्या घरालाही आता वाढीव दर लागू होतो.

'ब' किंवा 'क' असेल तर असाधारण कुटुंब निवृत्तिवेतन, ६० टक्के, म्हणजे १८,००० रुपये. 'ड' किंवा 'ई' असेल तर पत्नीला शेवटच्या पगाराइतकं, म्हणजे पूर्ण ३०,००० रुपये. या सगळ्यांवर महागाई भत्ता वेगळा मिळतो.

जवान एकच, पगार एकच. तरी कागदावर 'क'च्या जागी 'अ' पडला की घर कायमचं मागे पडतं. माझ्या माहितीतल्या एका घरात तसंच झालं. पोरगा ड्युटीवरच्या गाडीच्या अपघातात गेला होता, पण पहिल्या अहवालात 'हृदयक्रिया बंद पडून' एवढंच लिहिलं गेलं. शवविच्छेदन अहवालात डोक्याच्या जखमा नोंदलेल्या होत्या. तो अहवाल वेळेवर फाईलला लावायला कुणी सांगितलंच नाही. दुरुस्ती झाली, पण त्यासाठी त्याच्या वडिलांनी दोन वर्षं खेटे घातले.

मग पहिल्या पंधरा दिवसांत कोणते कागद हातात असायला हवेत?

मृत्यूचा दाखला, एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आणि बटालियनने वर पाठवलेल्या घटनेच्या अहवालाची प्रत. अपघात किंवा वादाचं प्रकरण असेल तर दल 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' बसवतं. तिचा निष्कर्ष सगळ्यात महत्त्वाचा, कारण मृत्यू ड्युटीशी जोडलेला आहे की नाही हे त्यात लिहिलेलं असतं.

माहितीच्या अधिकारात मागू, असं बरेच जण म्हणतात. ही दलं माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन सोडलं तर त्यांना तो कायदा लागू नाही. त्यामुळे आरटीआयच्या मागे न लागता जवळचे वारस म्हणून कमांडंटच्या नावे साधा अर्ज करा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आठवण करून देणारं पत्र दर महिन्याला पाठवा, आणि प्रत्येक पत्रात जवानाचा फोर्स नंबर लिहा. नावापेक्षा त्या नंबरावर फाईल लवकर सापडते.

सानुग्रह अनुदान किती आणि कुणाच्या हातात?

केंद्राच्या ४ ऑगस्ट २०१६ च्या आदेशाप्रमाणे ड्युटीवरच्या अपघातात किंवा दहशतवादी व समाजकंटकांच्या हिंसाचारात मृत्यू आला तर २५ लाख. सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत ३५ लाख. ठरवून दिलेल्या अतिउंचीच्या आणि दुर्गम सीमाचौक्यांवर निसर्गाच्या तडाख्याने मृत्यू आला तरी ३५ लाख. युद्धात किंवा युद्धसदृश म्हणून अधिसूचित कारवाईत ४५ लाख.

'कुणाच्या हातात' यावर घरं फुटताना मी पाहिली आहेत. ३० सप्टेंबर २०२१ च्या आदेशाने एक स्पष्टता आली. जवानाने सेवेत असताना या रकमेसाठी कुटुंबातल्या ज्या व्यक्तीचं नामनिर्देशन केलं असेल, तिला ती मिळते. नामनिर्देशन नसेल तर ग्रॅच्युइटीच्या नियमांप्रमाणे कुटुंबातल्या पात्र व्यक्तींत सारखी वाटली जाते. कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नाव चालत नाही.

निवृत्तिवेतनाचं तसं नाही. ते नामनिर्देशनाने ठरत नाही, नियमातल्या क्रमाने ठरतं. पहिला हक्क पत्नीचा किंवा पतीचा. सासू-सुनेचं पटत नाही म्हणून सासऱ्यांनी बटालियनला पत्र लिहिलं, एवढ्याने सुनेचं पेन्शन थांबत नाही. आणि सुनेनेही हे ध्यानात ठेवावं की ग्रॅच्युइटी किंवा भविष्य निर्वाह निधीच्या नामनिर्देशनात सासूबाईंचं नाव असेल, तर ते जवानाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे.

मुलगा अविवाहित होता. आम्हा आईवडिलांना काय?

प्रवर्ग 'ड' किंवा 'ई' असेल तर आईवडिलांची आर्थिक परिस्थिती न बघता त्यांना निवृत्तिवेतन मिळतं. दोघं हयात असतील तर शेवटच्या पगाराच्या ७५ टक्के, एकच असेल तर ६० टक्के. वरच्या उदाहरणात हे २२,५०० आणि १८,००० रुपये होतात. 'तुमच्याकडे शेती आहे म्हणून बसत नाही' असं कुणी सांगितलं, तर ते या दोन प्रवर्गांत खरं नाही.

साध्या कुटुंब निवृत्तिवेतनात मात्र आईवडील मुलावर अवलंबून असावे लागतात आणि त्यांचं उत्पन्न ९,००० रुपये व त्यावरचा महागाई भत्ता यांच्या आत असावं लागतं. इथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

तो २००४ नंतर भरती झाला, एनपीएसमध्ये होता. मग पेन्शन नाहीच ना?

मिळतं. हा गैरसमज फार खोल गेलेला आहे. १ जानेवारी २००४ नंतर लागलेले जवान राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत आहेत हे खरं, पण सेवेत असताना मृत्यू आला किंवा अपंगत्वामुळे बाहेर पडावं लागलं, तर जुन्या नियमांप्रमाणे लाभ घेण्याची सोय आहे. ३० मार्च २०२१ च्या नियमांनी त्यासाठी पर्यायाचा फॉर्म ठरवून दिला. जवानाने फॉर्म भरलाच नसेल आणि सेवेच्या पहिल्या १५ वर्षांत मृत्यू आला असेल, तर आपोआप जुन्या नियमांचे लाभ धरले जातात.

जुने लाभ घेतले की खात्यातला सरकारी वाटा आणि त्यावरची वाढ सरकारकडे परत जाते. जवानाच्या स्वतःच्या पगारातून कापलेली रक्कम वाढीसह कुटुंबाला एकरकमी मिळते. 'पैसे सरकारने कापून घेतले' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी हेच समजावतो. तरुण विधवेला आयुष्यभराचं महागाई भत्त्यासह निवृत्तिवेतन जवळजवळ नेहमीच जास्त मोलाचं पडतं. एनपीएसची शिल्लक मोठी दिसली म्हणून घाईने सही करू नका. दोन्ही हिशेब लेखी मागा.

निवृत्तीनंतरच्या जुन्या पेन्शनचा वाद वेगळा आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या दलांच्या बाजूने निकाल दिला, त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मृत्यू आणि अपंगत्वाच्या लाभांचा त्या वादाशी संबंध नाही.

ग्रॅच्युइटी आणि बाकीच्या रकमा?

मृत्यू ग्रॅच्युइटी सेवेच्या वर्षांवर ठरते. एक वर्षाच्या आत गेला तर दोन महिन्यांचा पगार, १ ते ५ वर्षांत ६ पट, ५ ते ११ वर्षांत १२ पट, ११ ते २० वर्षांत २० पट. त्यापुढे प्रत्येक पूर्ण सहामाहीला अर्धा पगार, जास्तीत जास्त ३३ पट. पगार म्हणजे इथे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता. १ जानेवारी २०२४ पासून केंद्राची कमाल मर्यादा २५ लाख आहे. याशिवाय शिल्लक अर्जित रजेचे पैसे ३०० दिवसांपर्यंत, गटविमा आणि दलाच्या स्वतःच्या कल्याण निधीतली मदत.

बँकेच्या पगार खात्यावर विमा असतो म्हणतात?

असतो, आणि सगळ्यात जास्त बुडतो तो हाच पैसा. या दलांच्या पगार खात्यांवर बँका अपघाती मृत्यूचा आणि कायमच्या अपंगत्वाचा विमा देतात. रक्कम बँकेप्रमाणे आणि करारातल्या तारखेप्रमाणे बदलते. बँक स्वतःहून फोन करत नाही. दाव्याला मुदत असते, आणि बरीच कुटुंबं वर्षश्राद्धानंतर खातं बंद करायला जातात तेव्हा त्यांना विम्याचं कळतं. आठवड्याभरात शाखेत जाऊन लेखी विचारा आणि पोच घ्या. दावा निकाली निघेपर्यंत खातं बंद करू नका.

'भारत के वीर'चे पैसे सगळ्यांना मिळतात का?

ते लोकांनी दिलेलं दान आहे. ९ एप्रिल २०१७ ला हे संकेतस्थळ सुरू झालं. दाता थेट एखाद्या जवानाच्या वारसाच्या खात्यात पैसे भरू शकतो किंवा सामाईक निधीत देऊ शकतो. एका जवानाच्या नावे १५ लाखांची मर्यादा ठेवली आहे, म्हणजे ज्याचं नाव टीव्हीवर झळकलं त्याच्याकडेच सगळा ओघ जाऊ नये. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यांत दोघं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. त्या दिवसांत देशभरातून मदत आली. पण गडचिरोलीच्या किंवा बस्तरच्या जंगलात एकटा गेलेला जवान बातमीत येत नाही. त्याच्या घरच्यांनी वारसाचं बँक खातं आणि कागद दलाच्या कल्याण शाखेत दिले आहेत ना, हे तपासावं.

मुलांच्या शिक्षणाचं काय?

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमासाठी मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात. २०१९ मध्ये ही रक्कम वाढली आणि त्याच वेळी दहशतवादी वा नक्षलवादी हल्ल्यात मरण आलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांसाठी दरवर्षी ५०० जागा ठेवल्या गेल्या. गडचिरोलीतल्या पोलीस कुटुंबांना याची गरज आहे, आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असल्याने तिथेच गाडी अडते. शाळेच्या गुरुजींनी, कॉलेजच्या कारकुनांनी मदत करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलांचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आईनंतर येतो. तो २५ वर्षांपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत असतो. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला मात्र तो आयुष्यभर असतो. घरात असं मूल असेल तर जवानाच्या हयातीतच त्याची नोंद सेवापुस्तकात करून घ्या. विधवा, घटस्फोटित आणि अविवाहित मुलींनाही अटींसह २५ नंतर हक्क आहे.

पुनर्विवाह केला तर निवृत्तिवेतन जाईल का?

चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुली हा प्रश्न माझ्या बायकोला विचारतात, मला विचारायला संकोचतात. मूलबाळ नसलेल्या विधवेचं साधं कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाहानंतरही चालू राहतं, फक्त तिचं इतर उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असावं लागतं. मुलं असतील किंवा वरचा प्रवर्ग असेल तर नियम वेगळे लागतात. लग्नाआधी लेखा कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. पेन्शन जाईल या भीतीने कुणी पोरीला अडवून धरू नये, आणि लग्न लपवायलाही लावू नये. लपवलं तर वसुली लागते.

त्याने आत्महत्या केली. आम्हाला काहीच मिळणार नाही असं सांगतात.

चुकीचं सांगतात. साधं कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू ग्रॅच्युइटी या दोन गोष्टी मृत्यूच्या कारणावर अवलंबून नाहीत. त्या मिळतातच. खाजगी विम्याच्या अटी वेगळ्या असतात, त्या पॉलिसीत बघा. लाजेने घरात बसू नका, अर्ज करा. त्याने आधी उपचार घेतले असतील, रजा मागितली असेल, तर ते कागदही फाईलला लावा.

जवान बेपत्ता आहे. मृत्यूचा दाखला कुठून आणायचा?

पोलिसांत तक्रार नोंदवा आणि शोध लागला नाही असा त्यांचा अहवाल घ्या. तक्रारीपासून ६ महिन्यांनी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होऊ शकतं. २०२२ च्या आदेशाने ही सोय एनपीएसमधल्या जवानांच्या घरांनाही लागू झाली. सात वर्षं थांबा असं कुणी म्हणालं तर मानू नका.

वारस दाखला काढायलाच हवा का?

पत्नीचं आणि मुलांचं नाव सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या तपशिलात असेल तर निवृत्तिवेतनासाठी बहुतेक वेळा नाही. नाव नसेल किंवा भांडण असेल तर लागतो. आपल्याकडे तलाठ्याकडची वारस नोंद आणि वारस दाखला यांची गल्लत होते. सातबाऱ्यावरचा वारस फेरफार जमिनीपुरता असतो, तो इथे चालत नाही. महाराष्ट्रात वारस दाखला दिवाणी न्यायालय देतं, तेही १८२७ च्या जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून खरंच मागितला आहे का ते आधी लेखी विचारा.

जवान जिवंत आहे, पण जायबंदी झाला. त्याचं आणि घराचं काय?

या प्रश्नाला लोक शेवटी येतात. मृत्यूला गाव जमतं, अपंगत्वाला घरच्यांपलीकडे फारसं कुणी उरत नाही.

आधी मेडिकल बोर्ड बसतं. अपंगत्व किती टक्के आणि ते नोकरीमुळे आलं का, हे तिथे ठरतं. पुन्हा तेच पाच प्रवर्ग. नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाने बाहेर पडावं लागलं तर निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात, एक सेवेचा आणि एक अपंगत्वाचा. 'ब' आणि 'क' प्रवर्गात शंभर टक्के अपंगत्वाला दुसरा भाग मूळ वेतनाच्या ३० टक्के असतो. टक्केवारी वरच्या टप्प्याला धरली जाते: ५० पर्यंत असेल तर ५०, त्यापुढे ७५ पर्यंत ७५, आणि त्याहून जास्त असेल तर १००. बोर्डाने ६० टक्के लिहिलं तर हिशेब ७५ चा होतो. म्हणजे ३०,००० च्या मूळ वेतनावर अपंगत्वाचा भाग ६,७५० रुपये. हिशेब ६० ने झालेला दिसला तर लगेच हरकत घ्या.

शंभर टक्के अपंगत्वात दुसऱ्याच्या मदतीशिवाय दिवस जात नसेल, तर सोबतीच्या माणसासाठी भत्ता आहे. सातव्या आयोगाने तो महिना ६,७५० केला. हा भत्ता आपोआप लागत नाही, मागावा लागतो.

अपंगत्व असूनही दलाने सेवेत ठेवलं, तर मासिक भागाऐवजी एकरकमी भरपाई मिळते. आणि अपंगत्व नोकरीशी जोडलेलं नसलं तरी वैद्यकीय कारणाने निवृत्त केलेल्याला रुग्णता निवृत्तिवेतन आहे. त्यासाठीची १० वर्षांच्या सेवेची अट २०१९ मध्ये काढून टाकली गेली.

अपंगत्व आलं म्हणून नोकरीतून काढता येतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं की सेवेत अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याची पदावनती करता येणार नाही. जमणारं दुसरं पद त्याच पगारावर द्यायचं. पण १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्राने या दलांच्या लढाऊ पदांना त्यातून सूट दिली. मला ती सूट पटत नाही. पाय गमावलेला हवालदार कंट्रोल रूममध्ये, भांडारात किंवा प्रशिक्षण केंद्रात उत्तम काम करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तरी सगळी दारं बंद नाहीत. १७ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात मानसिक आजारामुळे घडलेल्या वागणुकीवर शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरवला. शस्त्र हाती द्यावं लागणार नाही असं दुसरं काम त्याला देता येईल, असंही सांगितलं. मनाच्या आजारामुळे ज्याच्यावर कारवाई चालू आहे अशा जवानाच्या घरच्यांनी हा निकाल वकिलाला दाखवावा.

उपचार, कॅन्टीन, आयकर?

कुटुंब निवृत्तिवेतनधारकांना केंद्राच्या आरोग्य योजनेचं कार्ड काढता येतं. केंद्रीय पोलीस कल्याण भांडाराचं कार्डही चालू राहतं, फक्त नव्या नावाने करून घ्यावं लागतं. कारवाईत मरण आलेल्या जवानाच्या कुटुंबाचं निवृत्तिवेतन आयकरातून मुक्त आहे आणि त्यात निमलष्करी दलंही येतात. बँक तरीही कर कापते, तेव्हा दलाचं प्रमाणपत्र शाखेत द्या.

अनुकंपा नोकरी हक्काने मिळते का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ पासून सांगितलं आहे की ती अडचणीतल्या घराला तातडीची मदत आहे, वारसाहक्क नव्हे. केंद्रात यासाठी 'क' गटातल्या थेट भरतीच्या ५ टक्केच जागा असतात. अर्ज लवकर करा आणि त्याच्या भरवशावर बाकीचे लाभ लांबवू नका.

दाद कुठे मागायची?

आधी कमांडंट, मग दलाचं मुख्यालय, त्याबरोबरच केंद्राचं पेन्शन तक्रार पोर्टल. पोर्टलवर तक्रार क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं, म्हणून ते वापरा. तेवढ्याने झालं नाही तर थेट उच्च न्यायालय. सैन्याचं न्यायाधिकरण या दलांना नाही आणि केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणही यांच्या जवानांना लागू नाही. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागाला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडतं. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, ही म्हाताऱ्या माणसांसाठी फार मोठी गोष्ट आहे.

आमचा मुलगा महाराष्ट्र पोलीस दलात होता. आम्हाला यातलं काय लागू?

तुमचे नियम राज्याचे, म्हणजे १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या घरांना बरीच वर्षं सेवेतल्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने ते, मृत्यू उपदान (म्हणजे ग्रॅच्युइटी) आणि रुग्णता निवृत्तिवेतन मिळू लागलं. आधी गेलेल्यांच्या कुटुंबांनीही पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या लेखा शाखेत जाऊन आपलं प्रकरण तपासून घ्यावं. बऱ्याच वहिनी 'तेव्हा नाही म्हणाले होते' म्हणून पुन्हा गेलेल्याच नाहीत. उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख आहे. अनुकंपा यादीत विवाहित मुलीचंही नाव लागू शकतं. दिव्यांग कायद्यातून दिलेली केंद्राची ती सूट राज्य पोलिसांच्या पदांसाठी नाही. दाद मागायची ती महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला.

माझा नवरा आज सेवेत आहे, धडधाकट आहे. मी आत्ता काय बघून ठेवू?

हे विचारणं अशुभ नाही, ताई. तो पुढच्या सुट्टीवर येईल तेव्हा एक दुपार काढा. लग्नानंतर त्याने ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, एनपीएस, सानुग्रह अनुदान आणि गटविमा या सगळ्यांची नामनिर्देशनं नव्याने भरली आहेत का, ते विचारा. भरतीच्या वेळी लिहिलेलं नाव बऱ्याचदा तसंच राहिलेलं असतं. कुटुंबाच्या तपशिलात तुमचं आणि मुलांचं नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय का ते बघा. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, यावर फायली सहा-सहा महिने अडतात. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर त्याच सुट्टीत ग्रामपंचायतीत जाऊन करून घ्या. फोर्स नंबर, बटालियनचा फोन आणि पगार खात्याची शाखा एका वहीत लिहा, आणि ती वही कुठे ठेवली आहे ते सासूबाईंनाही सांगून ठेवा.